झोपलेल्या बाईची साक्ष

सकाळी कामावरून येऊन थोरली अंथरुणावर पाठ टेकायची तेव्हा खाट गरम असायची. थोड्या वेळापूर्वीपर्यंत तिथे दुसरी बाई झोपलेली असे, तिच्या अंगाची ती ऊब. पहिल्या दिवशी थोरलीला शिसारीच आली होती. तिने चादर झटकली, उशी झटकली, तोंड वाकडं करून काठाला अवघडून पडली आणि मग अशी मेल्यासारखी झोपली की संध्याकाळी तिला उठवायला दोघी लागल्या. पुढे सवय झाली. सवय कसली, थंड खाटेवर आपल्याला झोप येईल की नाही अशीच शंका यायला लागली.

थोरली हे काही तिचं नाव नव्हे. माहेरी भावंडांत ती थोरली, सासरी थोरली सून, आणि इथे परमुलखात एका खोलीत कोंबलेल्या आठ बायकांत वयाने थोरली. खरं नाव कंपनीने पासपोर्टासकट कपाटात ठेवून घेतलं होतं, त्यानंतर ते कोणाच्या तोंडी तिने ऐकलं नव्हतं.

काम लाँड्रीत होतं. लाँड्री म्हटलं की चार शर्टांना इस्त्री करणारं गल्लीतलं दुकान डोळ्यांपुढे येईल, तसली नव्हे. ही चांगली आगगाडी मावेल एवढी लांब शेड होती. शहरातल्या हॉटेलांच्या आणि दवाखान्यांच्या चादरी तिथे येत, धुतल्या जात आणि ओल्याच तापलेल्या रोलरखाली सारल्या जात. अलीकडून दोघींनी चादरीची टोकं धरून रोलरच्या तोंडाशी द्यायची, पलीकडे दोघींनी झेलून घडी घालायची. वाफ एवढी की समोरची बाई कधी दिसे, कधी नुसते तिचे हात दिसत. दुसऱ्यांच्या झोपेची अशी सेवा करून थोरलीच्या स्वतःच्या वाट्याला अर्धी खाट आली होती. रात्री ती कामावर गेली की खाट दुसरीची, आणि दिवसा दुसरी कामावर गेली की हिची.

त्या दुसरीला थोरली दिवसवाली म्हणायची. तिला तिने कधी पाहिलं नव्हतं. दिवसपाळीच्या बायका सगळ्या दुसऱ्याच एका देशातून आणलेल्या, आणि दोन्ही पाळ्यांची गाठच पडू नये अशी नामी व्यवस्था कंपनीने करून ठेवली होती. त्यांची गाडी पुढच्या फाटकातून बाहेर पडली की यांची मागच्या फाटकातून आत शिरे. त्या पुढच्या जिन्याने उतरत, या मागच्या जिन्याने चढत. मुकादम यांना सांगे, "त्या बायका फार लबाड हो. तुमच्याहून कमी पगारात राबायला टपून बसल्यात. जरा कुरकुर केलीत की तुमच्या जागी त्याच." तिकडे त्यांचा मुकादम त्यांना यांच्याबद्दल हेच सांगत असणार, याविषयी थोरलीच्या मनात काडीची शंका नव्हती. मुकादम इथूनतिथून सारखेच.

पण एका अंथरुणात झोपल्यावर माणूस परकं तरी किती दिवस राहणार? दिवसवालीचे केस लांब होते, एखादा उशीवर राहायचा. ती भिंतीकडे तोंड करून झोपायची, गादीला त्या अंगाने खळगा पडला होता. आणि जाताना ती उशी पालथी घालून जायची, म्हणजे घामाची बाजू खाली आणि कोरडी बाजू थोरलीला. हे ध्यानात आलं त्या दिवशी थोरली बराच वेळ उशीवर हात ठेवून बसून राहिली. नवऱ्याने सगळ्या संसारात तिच्यासाठी एकदा तरी उशी उलटली होती का, ते तिला आठवेना. त्या संध्याकाळपासून तीही जाताना उशी पालथी घालू लागली. मग कधी उशीखाली केसांची पिन सापडे, कधी पाठीला चोळायच्या मलमाची अर्धी डबी. थोरली आपल्या वाटचं लिंबू ठेवून जाई.

स्वप्नं मात्र कोणी मुद्दाम ठेवून जात नव्हतं. ती आपली गादीतच राहून जात असावीत.

थोरलीच्या गावाला नदी नव्हती. एक विहीर होती, तीही निम्मं वर्ष रुसलेली. तरी तिला रोज दिवसाउजेडी, खिडकीवर टांगलेल्या घोंगडीच्या आड, नदी दिसायला लागली. गढूळ, रुंद, पलीकडचा काठ धुरकटलेला. नदीवर आडवा दोर ताणलेला असे, आणि तो हाताने ओढत एक म्हातारा तराफा या काठाचा त्या काठाला नेई. म्हाताऱ्याच्या उजव्या कानाला पाळी नव्हती. तो दोन बोटं तोंडात घालून शीळ मारायचा, आणि ती ऐकली की थोरली, गुडघे धरून जिना चढणारी थोरली, काठावरून वाऱ्यासारखी धावत सुटायची. पायाखाली चिखल थंडगार. तराफ्यावर उडी घेतली की म्हातारा हसून दोर तिच्या हाती द्यायचा. जाग आली की तिचे तळहात हुळहुळत असत आणि इतकं सुख वाटे की ते कोणाला सांगायचीही चोरी.

तरी एकदा तिने खालचीला सांगितलं. खालची म्हणजे त्याच खाटेच्या खालच्या मजल्यावर झोपणारी, तोंडाने फटकळ पण मनाची बरी.

"दुसऱ्याच्या गादीवर लोळशील तर दुसऱ्याचीच स्वप्नं पडणार," खालची म्हणाली. "माझ्या गादीत बघ, नुसते ढेकूण. त्यांना कुठली स्वप्नं पडायला?"

तसं पाहिलं तर थोरलीचं अर्धं मन घरीच होतं. मुलीचे दिवस भरत आले होते. मागल्या खेपेला मूल पोटातच गेलं, तेव्हा थोरली इथे रोलरपाशी उभी होती आणि मुलगी तिकडे दवाखान्यात एकटी पडली होती. फोनवर दोघी काही बोलल्याच नव्हत्या. नुसता एकमेकींचा श्वास ऐकत राहिल्या होत्या.  या खेपेला मुलीने बजावून ठेवलं होतं, "आई, तू आल्याशिवाय मी काही बाळंत होत नाही. बसवून ठेवते त्याला आतच."

"अगं, तो काय पाहुणा आहे बसवून ठेवायला?"

"मग तू लवकर ये."

थोरलीने मुकादमाच्या नाकदुऱ्या काढकाढून रजा मिळवली. तिकीट कंपनीनेच काढलं. पासपोर्ट निघायच्या दिवशी हातात मिळणार होता. चादरी सारता सारता ती मनातल्या मनात नातवंडाची दुपटी शिवत होती आणि पुन्हा उसवून आणखी मऊ करत होती.

मग ती दुपार आली. थोरली झोपली होती, नेहमीची नदी होती, म्हाताऱ्याने दोर हाती दिला. पण त्या दिवशी दोर तिला ओढता येईना, दोरच तिला ओढू लागला. आधी बोटं, मग पंजा, आणि दोर तव्यासारखा तापलेला. थोरली अशी किंचाळली की खोलीतल्या सगळ्या ताडकन उठून बसल्या. खालचीने वर चढून तिच्या गालावर चापट मारली तेव्हा कुठे ती भानावर आली.

"मेलं कोण?" खालची ओरडली.

"हात," थोरली म्हणाली. तिने हात वर करून पाहिला तर हात धडधाकट होता.

संध्याकाळी कामावर गेल्यावर तिला रोलर लख्ख पुसलेला दिसला. रोलरच्या तोंडाशी हात आत जाऊ नये म्हणून एक आडवी पट्टी असते. काम झपाझप व्हावं म्हणून मुकादमाने ती कधीपासून तारेने वर बांधून ठेवली होती. आज पट्टी खाली होती. "दुरुस्ती झाली," मुकादम म्हणाला आणि दुसरीकडे बघू लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती येऊन आडवी झाली तर खाट गार.

उशी तिने ठेवली तशीच, लिंबूही तसंच. थोरली उठून बसली.  तेवढ्यात मुकादम दाराशी आला आणि पाठ केल्यासारखं सांगू लागला, "दिवसपाळीतली एकजण काल दुपारी खाटेवरून पडली. हाताला लागलंय. दवाखान्यात आहे. काळजीचं काही नाही."

"कुठल्या खाटेवरून?" खालचीने विचारलं.

"हीच की. वरची. ती काल कामावर गेलीच नव्हती. अंगात कसकस होती म्हणून झोपून होती."

खालचीने वर पाहिलं. थोरलीने खाली पाहिलं. मुकादमाला आपण काय बोललो याचा पत्ताच नव्हता, आणि तो तरी काय करणार, कंपनीच्या साहेबांनी घोकून दिलेलं तो म्हणत होता. तिथल्या कायद्याने एका माणसाला एक खाट द्यावी लागे. म्हणून कागदावर ही खोली फक्त दिवसपाळीची होती. रातपाळीच्या बायका कागदावर पलीकडच्या एका इमारतीत राहत, जिचा अजून पाया सुद्धा खणलेला नव्हता. साहेब लोक आपल्याच कागदावर इतका विश्वास ठेवून बसले होते की भरदुपारी त्या खाटेवर आणखी कोणी असेल हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही.

"खोटं बोलणाऱ्याने निदान खाट तरी रिकामी बघावी," मुकादम गेल्यावर खालची म्हणाली. "त्या वेळी वर तर तू कोकलत होतीस."

अर्थ सगळ्यांनाच कळला होता. हात रोलरमध्ये गेला असेल तर उपचार आणि भरपाई कंपनीच्या डोक्यावर. खोलीत पडून मोडला असेल तर तिचं नशीब. हाताला पट्टी बांधायची आणि पहिल्या विमानाने घरी पाठवून द्यायची.

संध्याकाळी मुकादमाने थोरलीला बाजूला घेतलं. "ताई, तुम्ही कुठे राहता असं कोणी विचारलं तर पलीकडच्या इमारतीत म्हणायचं. तुमचं तिकीट निघालंय ना? मग डोकं शांत ठेवायचं. उगाच कशाला, घरी लेक वाट बघतेय."

थोरलीने डोकं शांत ठेवायचा मनापासून प्रयत्न केला. ही बाई आपली कोण? ना नात्याची, ना गावाची, ना देशाची. पण गार खाटेवर तिचा डोळा लागेना, आणि लागला तरी नदी येईना. नुसत्या पांढऱ्या चादरी दिसत, एकामागून एक, आणि त्यांच्या पलीकडे कोणीच झेलायला नसे.

तक्रार करावी तर कुठे, हाही प्रश्न होता. पूर्वी अशीच एक भानगड झाली तेव्हा खालचीने आपल्या देशाच्या इथल्या कचेरीत, म्हणजे वकिलातीत, फोन केला होता. तिकडून उत्तर आलं, ती बाई आमची नाही. त्या बाईच्या देशाच्या कचेरीने सांगितलं, साक्षीदार आमची नाही. मधल्या मध्ये ती बाई गेली घरी. पण आता काही दिवसांपूर्वी सगळ्यांच्या फोनवर एक निरोप आला होता, यांच्या भाषेत आणि खाली त्यांच्या भाषेत. माणसं बाहेर पाठवणाऱ्या काही देशांनी आपापसांत करार केलाय, कुठल्याही देशाच्या कामगाराने कुठल्याही देशाच्या कचेरीत जावं, तपासणीला सगळे मिळून येतील. तेव्हा खालची हसली होती. "एकेकटे असताना काही केलं नाही, आता मिळून काय दिवे लावणार?"

दिवसपाळीतल्या कोणीतरी कळवलं असावं, आणि दोन्ही कचेऱ्यांची माणसं खरोखरच मिळून आली. त्या सकाळी रातपाळी सुटल्यावर मुकादमाने बायकांना खोलीवर नेलंच नाही. शेडच्या मागे गाडीत बसवलं आणि बजावलं, "कँटीनमधले पाहुणे जाईपर्यंत कोणी उतरायचं नाही. खोली बघायची म्हणाले तर घोटाळा नको."

गाडीच्या काचेवर ऊन आलं होतं. बायका एकमेकींच्या खांद्यावर माना टाकून पेंगत होत्या. थोरलीचा फोन वाजला. मुलीचा होता. "आई, बॅग भरलीस का? मी दारातच बसलेय. आत बसलं की जीव घाबरतो, दारात बसलं की वाटतं तू येतेयस."

"भरते," थोरली म्हणाली. फोन ठेवला.  मग उठली आणि मुकादमाला म्हणाली, "मला संडासला जायचंय." ही गोष्ट मुकादमालाही नाकारता आली नाही.

रात्रभर जागलेल्या माणसाला सकाळी जमीन जरा मऊ लागते. थोरली तशी चालत शेडमधून गेली. दिवसपाळीच्या बायका रोलरपाशी उभ्या होत्या, वाफेतून त्यांचे हात तेवढे दिसत होते. तिला पाहून हात थांबले.  ती कँटीनच्या दारातून आत शिरली.

टेबलाच्या एका बाजूला मॅनेजर. दुसऱ्या बाजूला दोन माणसं शेजारी शेजारी. एक यांच्या देशाच्या कचेरीतल्या बाई, दुसरे त्यांच्या देशाच्या कचेरीतले जाड भिंगाचे साहेब. मध्ये दोन्ही भाषा जाणणारा दुभाष्या आणि लिहून घेणारा एक कारकून. आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवर, कोपरापर्यंत पांढऱ्या पट्ट्यांत गुंडाळलेला हात मांडीवर घेऊन, एक मुलगी.

थोरलीने इतके महिने दिवसवालीला आपल्या वयाची धरली होती. मलम ठेवून जाते म्हणजे तिचीही पाठ दुखत असेल, चार पावसाळे पाहिलेली असेल. ही तर लेकीपेक्षाही लहान होती. लांब वेणी, आणि चेहरा असा की आत्ता कोणी रागावलं तर रडेल. थोरलीला एकदम भडभडून आलं.

"कोण तुम्ही?" कचेरीतल्या बाईंनी विचारलं.

"मी रातपाळीची. ही ज्या खाटेवरून पडली म्हणतात, तिच्यावर दिवसा मी झोपते."

मॅनेजर गोड हसला. "काहीतरी गैरसमज आहे. या बाई दुसऱ्या इमारतीत राहतात."

"मग मला ती इमारत दाखवा. कधीची बघायचीय," थोरली म्हणाली.

बाईंच्या ओठांचा कोपरा हलला. "त्या दुपारी तुम्ही काय पाहिलंत?"

"काही नाही. मी झोपले होते."

दुभाष्याने हे सांगितल्यावर साहेबांनी भिंगं पुसली. "झोपलेल्या माणसाची साक्ष घ्यायची कशी?"

"जागी असते तर मी इकडेतिकडे गेले असते, साहेब. झोपले होते म्हणूनच तर खाटेवर होते."

एवढ्यात कोपऱ्यातली मुलगी बोलायला लागली. भराभरा, एक हात पुढे करून, थोरलीकडे बघत. दुभाष्या गोंधळला. "ही म्हणते, या बाईंचं काही ऐकू नका. त्यांना घरी जाऊ द्या. त्यांची मुलगी दारात बसून राहिलीय, पोटुशी आहे. सारखी रस्त्याकडे बघत असते."

 बाईंनी विचारलं, "तुमची आधीची ओळख आहे?"

"आज पहिल्यांदाच बघतेय," थोरली म्हणाली.  "तिला विचारा, तिच्या घरी म्हातारं माणूस आहे का? उजव्या कानाला पाळी नसलेलं. नदीवर तराफा ओढतं."

दुभाष्याने विचारलं. मुलीने चांगल्या हाताने तोंड झाकून घेतलं. तो तिचा आजा होता, तिला ज्याने वाढवलं तो.

"हे लिहू नका," साहेब घाईघाईने कारकुनाला म्हणाले.

"नाही लिहिलं तरी चालेल," बाई म्हणाल्या. "पण या दोघी एका खाटेवर झोपतात हे मला पटलं."

लिहिण्याजोगं जे होतं ते खालचीने आणलं. थोरली परत येईना तेव्हा तिने ओळखलं होतं. तिने गाडीतल्या सगळ्या बायका उतरवल्या आणि मुकादमाला जवळजवळ ढकलत आत आणल्या. "ही त्या दुपारी किंचाळली," तिने सांगितलं, "आणि आम्ही सगळ्या जाग्या झालो. खाटेवर हीच होती. मीच वर चढून हिला चापट मारली. कोणी पडलं असतं तर माझ्याच डोक्यावर पडलं असतं ना?" मग सगळे मिळून खोलीवर गेले. एवढ्याशा मोरीत दातांचे ब्रश खाटांच्या दुप्पट निघाले.

मॅनेजरचं हसू संपलं, पण हुकमाचं पान अजून बाकी होतं. तो बाईंकडे वळला. "ठीक आहे. तुमच्या देशाच्या बायका त्रास देतात असं मी वर कळवतो. पुढची भरती आम्ही यांच्या देशातून करू." मग साहेबांकडे वळला. "किंवा तुमच्या सोडून यांच्या घेऊ." आजवर एवढं म्हटलं की दोन्हीकडचे गप्प होत. प्रत्येकाला घरच्या बेकारांची भीती, शेजाऱ्याने घास पळवल्याची भीती.

साहेबांनी भिंगं चढवली. "आमच्याकडूनही मिळणार नाहीत. रोलरची पट्टी खाली राहील आणि माणशी एक खाट असेल, त्यानंतर बोलू."

"तिसरीकडे जायचा विचार असेल तर त्यांच्याशीही आमचं बोलणं झालंय," बाई म्हणाल्या. "आणि त्यांच्या शेजाऱ्यांशीही."

मॅनेजरने पाणी मागवलं. मुलीचे उपचार, भरपाई, खाटा, कपाटातले पासपोर्ट, सगळ्याला तो एकेक करून हो म्हणत गेला. ते लगेच झालं असं नाही. सरकारी काम, वकील, सह्या. पण एक गोष्ट मात्र कंपनीने त्याच दिवशी केली. थोरलीची रजा पुढे ढकलली आणि तिकीट रद्द केलं. कचेरीतल्या बाई त्यासाठीही भांडल्या. पासपोर्ट सुटेपर्यंत मात्र त्यांचाही इलाज चालेना.

थोरलीने लेकीला फोनवर सगळं सांगितलं. लेकीने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तिच्यासाठी थांबलीस."

"हो गं."

"मला पण आई हवी होती." आणि तिने फोन ठेवला. पुढचे कितीतरी दिवस तिने फोन केला नाही. थोरलीने केला तर लेकीची नणंद उचलायची आणि ती झोपलीय म्हणायची. थोरली स्वतःच्या, एकटीच्या, नव्या खाटेवर पडून छताकडे बघायची. आपण बरोबर केलं याची तिला खात्री होती, आणि त्या खात्रीचा काडीचा उपयोग होत नव्हता.

एका सकाळी पाळी सुटल्यावर नणंदेचा निरोप आला. पहाटेपासून कळा सुरू झाल्यात. थोरली खोलीवर गेलीच नाही. एकटीने वाट बघणं तिला सहन झालं नसतं. ती तशीच, अंगाला साबणाचा वास घेऊन, दवाखान्यात दिवसवालीकडे गेली. हातावरच्या शस्त्रक्रियेनंतर दिवसवाली आता उठून बसत होती. थोरलीने पोटावरून हात फिरवून दाखवला, फोन दाखवला. दिवसवालीला कळलं. तिने खाटेजवळची खुर्ची पायाने पुढे सरकवली.

दोघी फोनकडे बघत बसल्या. फोन गप्प होता. खिडकीतून ऊन येत होतं, पंखा फिरत होता, रात्रभराचे पाय ठणकत होते. थोरलीने जरा वेळ म्हणून खाटेच्या कडेला डोकं टेकवलं.

झोपेत तिला लेकीचं ओरडणं ऐकू आलं. खूप लांबून, पाण्याखालून यावं तसं. मध्येच एक कोवळा आवाज काहीतरी म्हणायचा, पुन्हा पुन्हा तेच, न कळणाऱ्या भाषेत, आणि लेक थोडी शांत व्हायची. थोरलीला वाटलं, आपण उठायला हवं. पण अंग हलेना, आणि तो आवाज म्हणत असावा की झोप, मी आहे. मग लेक एकदा मोठ्याने ओरडली. त्यानंतर काहीच ऐकू आलं नाही. आणि मग एक अगदी नवं, रागावलेलं रडू थेट तिच्या कानात शिरलं.

ती जागी झाली. फोन तिच्या कानाला लावलेला होता. दिवसवाली वाकून तो एका हाताने धरून बसली होती. किती वेळ धरला होता कोण जाणे, हात लटलट कापत होता. तिचा चेहरा घामाने आणि डोळ्यांतल्या पाण्याने भिजला होता.

"आई?" पलीकडून लेकीचा थकलेला आवाज आला. "मुलगी झाली. ऐकलंस?"

"ऐकलं गं," थोरली म्हणाली. "सगळं ऐकलं."

"मी केव्हाची हाक मारत होते. तुझ्याऐवजी ती बोलायला लागली. मला एक अक्षर कळलं नाही. मी ओरडले की ती काहीतरी म्हणायची. फोन ठेवतच नव्हती."  तान्ही अजून रडत होती. "आई, ती तीच ना? जिच्यासाठी तू थांबलीस?"

थोरलीने दिवसवालीच्या हातातून फोन घेतला आणि तिचा कापणारा हात आपल्या गालाशी धरला.

"हो," ती म्हणाली. "तीच."

"तिला म्हणावं, आता थोडं झोप," लेक म्हणाली.